लाकडाखालचा भंडारा

आमच्या टूलरूममध्ये एक नियम आहे आणि तो मीच लावलेला आहे. मशीनवरून उतरलेला गरम पार्ट कुणी मोजायचा नाही. तासभर टेबलावर राहू द्यायचा, हाताला गार लागला की मग मायक्रोमीटर लावायचा. गरम लोखंड फुगतं आणि फुगलेल्या लोखंडाचं माप खोटं असतं. हे मी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की मी दारात दिसलो तरी लोक पार्टवरचा हात काढून घेतात. रांजणगावच्या एमआयडीसीत वीस-बावीस वर्षं हेच करतोय. एवढं कळणाऱ्या माणसाने आपल्या बापाची रायफल मोजायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून घेतले, हे लिहायला मला लाज वाटते. पण न लिहिताही ती काही कमी झालेली नाही.

रायफल जुनी होती. मूळची लष्कराची, तिकडून निकाली निघालेली. नळी बदलून साध्या परवान्यात बसेल अशा मापाची केलेली आणि पुढचं लाकूड अर्ध्यात कापून वजन उतरवलेलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला सशस्त्र पोलिसांत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या खांद्यावर याच जातीची रायफल होती. निवृत्त झाल्यावर ते न्हावऱ्याला येऊन म्हशी सांभाळतील असं आम्हाला वाटलं. म्हशी त्यांनी सांभाळल्याच, पण त्याआधी परवान्याचा अर्ज केला. परवान्यावर रिटेनर म्हणून माझं नाव घातलं, म्हणजे ती नेण्या-आणण्याचा आणि पुसण्याचा हक्क मलाही मिळाला. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. ती ठाण्यात असली की आप्पांचा जेवणात जीव नसे.

दौंडच्या बाहेर मुरमाच्या टेकडीच्या पोटात निवृत्त माणसांनी चालवलेला एक लहानसा रायफल क्लब होता. पन्नास मीटरवर लाकडी चौकटी आणि चौकटीत कागदी कार्ड. दर रविवारी मी आप्पांना गाडीवर बसवून न्हावऱ्याहून चौफुल्याला आणि तिथून दौंडला न्यायचो. ते मागे रायफलीची पिशवी मांडीवर आडवी धरून बसायचे. पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या, चालत जाऊन कार्ड काढायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "तीन एकात हायती." म्हणजे तीन भोकं एकमेकांना चिकटलेली आणि उरलेली दोन बोटभर बाजूला. ती कार्डं घरी ट्रंकेत जायची. आईच्या लग्नातल्या साडीखाली त्यांचा गठ्ठा असायचा.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. नोकरीत असताना दोनदा त्यांना राज्याच्या स्पर्धेला टीमबरोबर नेलं होतं आणि दोन्ही वेळा राखीव म्हणून बाकावर बसवलं होतं. दोनदा गेले, दोनदा एकही गोळी न झाडता परत आले. साठीपुढच्यांच्या गटात जिल्ह्याच्या टीममधून एकदा जायचं आणि बाकावर न बसता जमिनीवर पालथं पडायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बोलायचे मात्र अगदी सहज. "गेलो तर गेलो, न्हाई तर म्हशी हायतच."

आम्ही धनगर. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा आहे, पण खंडोबा तोच आहे. खंडेनवमीला घरातला विळा-कोयता, कुऱ्हाड, माझं मापाचं व्हर्निअर आणि मधोमध पाटावर रायफल, अशी पूजा मांडली जायची. इतर घरांत शस्त्राला हळदीकुंकवाचं बोट लावून भागतं. आमच्या आईचं बोटावर भागत नसे. ती भंडाऱ्याची मूठ भरायची आणि रायफलीवर उधळायची, कारण बाकीची हत्यारं घरची होती आणि ही देवाची. आप्पा लांबून बघायचे. एकदा म्हणाले होते, "अगं, नळीत जाईल." आई म्हणाली, "देवाचा हाय. जाऊंद्या की."

नळीत काही गेलं नव्हतं, कारण नळीला मी चिंधीचा बोळा लावायचो. त्या पूजेतलं माझं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. पिवळी झालेली रायफल मी पुसायचो आणि लाकडाला जवसाचं तेल पाजायचो. लाकूड सुकून चिरू नये म्हणून तेल द्यावं लागतं, हे मला कुठून तरी कळलं होतं आणि ते खरंही आहे. मी ती भिंतीला उभी करून, तोंड वर ठेवून, हात सैल सोडून तेल ओतायचो. लाकूड चकाकायचं. आई म्हणायची, "हात हाय माझ्या लेकाचा." मला ते ऐकायला आवडायचं. जवसाचं तेल वाळलं की रोगणासारखं कडक होतं, हेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि डोकं चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही वर्षांनी कार्डं बिघडायला लागली. पहिल्या दोन गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात जायच्या, तिसरी किंचित वर, चौथी वर आणि डावीकडे, पाचवी कधी कधी कागदाच्या कडेला. आप्पांनी चाप बघितला, पट्टा घट्ट केला, कोपराखालचं पोतं बदललं. मग एका रविवारी परत येताना मागून मला म्हणाले, "लाकूड खोलून बघ एकदा. पयली गार असताना बराबर जाती. तापली की वर चढती."

ते स्वतः का खोलत नव्हते, असं कुणालाही वाटेल. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अंगात एक गोष्ट भिनली होती, की जवानाने बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खटका, काढावा, नळी पुसावी, पण लाकडाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. ते काम आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. पुढचं लाकूड आधी काढायचं आणि मग मागचा दस्ता. कुणी उलटं केलं आणि लाकूड उभं चिरलं तर त्याच्यावर कारवाई. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, रायफल स्वतःच्या परवान्याची, तरी त्यांचा हात स्क्रूला जात नव्हता. "घरातला आर्मरर तू हाईस," ते म्हणायचे.

मी म्हणालो, "आप्पा, रायफलीला काही झालं न्हाई. चौथ्या-पाचव्या गोळीला तुमचा दम सुटतो."

दुसऱ्यांदा त्यांनी पुरावा आणला. एसटीचं तिकीट घेऊन पुढच्या टोकाकडून नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवून दाखवलं. तिकीट दोन बोटं गेलं आणि अडकलं. "हितं मोकळं पायजे," ते म्हणाले. "नळीनं लाकडाला टेकायचं न्हाई. आमचा आर्मरर कागद पार मागंपतुर न्यायचा." मी मोबाईलमधून मान वर काढून म्हणालो, की पावसाळ्यात लाकूड फुगतंच, उन्हाळ्यात बसेल खाली. कारखान्यात एखाद्या कामगाराने मला असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला मशीनसमोर उभं करून सगळ्यांदेखत झापलं असतं.

आता खरं सांगायचं तर मला रविवारचा कंटाळा आला होता. आठवडाभर शिफ्ट करायची आणि एक सुट्टी मिळते ती मुरमाच्या टेकडीवर म्हाताऱ्यांच्या टाळ्या ऐकण्यात घालवायची. आप्पा थांबले तर मी सुटणार होतो. हे तेव्हा मी मनातसुद्धा इतकं स्पष्ट म्हटलं नव्हतं. आता म्हणतो.

मी त्यांना शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सरळ माणूस होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून कच्चा आहे, नजरेला फारसा फरक नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "डोळ्यातलं प्रेशर थोडं जास्त आहे. सहा महिन्यांनी परत दाखवा." मी त्यातला 'मोतीबिंदू' तेवढा उचलला आणि बाकीचं दवाखान्याच्या पायरीवर सोडून आलो.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते जिल्ह्याच्या टीमच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी. तेव्हा सुरात आर्जव होतं, आणि आप्पा आर्जव करणारे गृहस्थ नव्हेत. "आज खोल रं. उद्या पाच गोळ्या हायती." मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. म्हणालो, "आदल्या दिवशी कुणी मशीन उघडतं का? बिघडली तर?" त्यांना ते पटलं. माझं बोलणं शहाण्या माणसाचं वाटायचं, हीच अडचण होती.

चाचणीत पहिल्या दोन बरोबर मधोमध गेल्या. तिसरी चढली. चौथीला आप्पा बराच वेळ थांबले. नळी गार व्हावी म्हणून थांबले होते, हे आज मला कळतं. वेळ संपत आला तशा उरलेल्या दोन त्यांनी घाईने झाडल्या आणि त्या कुठल्या कुठे गेल्या. कार्ड टेबलावर आलं. क्लबचे सेक्रेटरी चांगले गृहस्थ होते, त्यांनी आप्पांनाच विचारलं, काय झालं. आप्पा म्हणाले, "रायफल तापली की चढती." आणि मी, कुणी न विचारता, चार माणसांत बोललो, "आप्पांना मोतीबिंदू झालाय. दिसत न्हाई त्यास्नी."

सेक्रेटरींनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, तसं असेल तर सेफ्टीचा प्रश्न येतो, रेंजवर उतरवता येणार नाही. यादीतलं आप्पांचं नाव त्यांनी तिथेच खोडलं. आप्पांनी उरलेली काडतुसं मोजून पिशवीत भरली, बोल्ट काढून तपासून दाखवला, सगळं नियमाने. माझ्याकडे बघितलं नाही.

चौफुल्याला मी चहाला गाडी थांबवली. त्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. म्हणाले, "पयल्या दोन कुणाच्या डोळ्यानं गेल्या?"

मी चहावाल्याला अजून एक कप सांगितला.

त्यानंतर ते दौंडला गेले नाहीत. माझे रविवार मोकळे झाले. मी टीव्ही बघितला, झोपा काढल्या. रायफल कपाटात पडून होती, तेव्हा माझा चुलतभाऊ घरी आला. तो गावच्या विकास सोसायटीत निवडून आलेला, दोन माणसं मागे घेऊन फिरणारा. आप्पांना म्हणाला, "आप्पा, आता तुमच्याच्यानं हुत न्हाई, तर माझ्या परवान्यावर चढवू. घरातच राहील." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "देऊन टाका. रोजची जोखीम कशाला?" रीतसर अर्ज झाले, सह्या झाल्या, रायफल गेली. ट्रंकेतली कार्डं तेवढी राहिली.

डोळ्यांचं निमित्त करून मी त्यांच्या हातातून रायफल काढली आणि नंतर त्या डोळ्यांकडे कुणी बघितलंच नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. आप्पांनी तक्रार केली नाही. ते नेम धरत असते तर नजर कडेने काळी होत चाललीय हे पहिल्या रविवारी त्यांना कळलं असतं. म्हशीची धार काढायला नेम लागत नाही. ते दारच्या चौकटीला खांदा आपटायला लागले, तेव्हा आम्ही वय झालं म्हणालो. एकदा त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला, तेव्हा मी त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुना केसपेपर काढून बघितला, तारीख बघितली आणि माझ्याकडे बघितलं. काचबिंदू होता, तेव्हा सांगितलेल्या त्या प्रेशरचाच. गेलेली नजर परत येत नाही, असं ते म्हणाले. आता आप्पांना उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हणालो असतो, की नजर जाणारच होती, मी थोडं आधी बोललो इतकंच. लोकांना मी तसं सांगायलाही लागलो होतो. आप्पांची नजर तेव्हापासूनच अधू होती, असं.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाने मला दौंडला बोलावलं. क्लबमध्ये त्याची चार माणसांत फजिती होत होती. म्हणाला, "दादा, ही सरळ जातच न्हाई. तुमच्यावानी इंजिनिअर घरात असून माझी ही गत. बघा की जरा." मी इंजिनिअर नाही, आयटीआय आहे. पण सगळ्यांदेखत इंजिनिअर म्हटल्यावर मी फुगलो. आप्पांनी तीनदा सांगून मी जे केलं नाही, ते त्याच्या एका शब्दावर तिथेच शेडखालच्या टेबलावर करायला बसलो.

पुढचं लाकूड आधी. दोन स्क्रू आणि पुढची पट्टी सैल केली. लाकूड सुटेना. हळूहळू हलवलं तेव्हा कट्ट असा आवाज झाला आणि ते नळीपासून वेगळं झालं. खाचेत टोकापासून दोन बोटांवर पिवळा गड्डा होता. बोटभर लांब, तळाला उजव्या अंगाला जाड, वर नळी घासून घासून काळा चकचकीत झालेला. नख लावलं, नख वाकलं. लाखेसारखा कडक. मी वास घेतला. इतक्या वर्षांनीही हळदीचा वास होता.

आईची भंडाऱ्याची मूठ फटीतून आत गेली होती आणि वरून मी ओतलेलं तेल त्यावर उतरलं होतं. दर वर्षी एक थर. भंडारा नुसता असता तर झटकल्यावर पडून गेला असता. तो चिकटवला मी. नळी गार असेपर्यंत त्यावर नुसती टेकायची, तापून फुगली की गड्ड्यावर दाबली जायची आणि विरुद्ध बाजूला ढकलली जायची. वर आणि डावीकडे. आप्पांनी सांगितलं होतं अगदी तसं.

"काय हाय ते?" चुलतभावाने विचारलं.

"घाण," मी म्हणालो.

बांबूची कामटी तासून मी तो गड्डा फोडला. स्पिरिटचा बोळा फिरवला, बारीक पॉलिश पेपरने खाच साफ केली. लाकूड बसवलं, स्क्रू बेताने आवळले. मग खिशातून तिकीट काढलं आणि टोकाकडून फटीत घातलं. ते कुठेही न अडकता पार मागेपर्यंत गेलं. स्पिरिटचा ओलावा उडून जाईपर्यंत धरून सगळ्याला एक तास लागला.

चुलतभाऊ पालथा पडला. त्याचा श्वास नीट नाही, चाप तो हिसका मारून ओढतो. पाच गोळ्या एकामागे एक झाडल्या, नळीला हात लावता येईना. कार्ड आणलं. तीन भोकं चिकटलेली, दोन बोटभर बाजूला. माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्याला मिठी मारली, त्याने कार्डाबरोबर फोटो काढून घेतला. या वर्षी जिल्ह्याच्या टीममध्ये त्याचं नाव आहे.

फोटो झाल्यावर कार्डाची त्याला गरज नव्हती. मी ते मागून घेतलं. का घेतलं हे मला तेव्हा कळलं नाही. माफी मागायची होती म्हणावं तर माफी मागायला कार्ड लागत नाही. मला वाटतं, माझं काम बापाला दाखवायची हौस अजूनही गेली नव्हती.

दुपारी घरी आलो. आई मळ्यात होती. आप्पा गोठ्यासमोर खाटेवर बसले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं, तळहाताने सपाट केलं आणि मग एका बोटाने मधून बाहेर असं हळूहळू चाचपलं. बोट भोकांवर थांबलं. परत फिरून आलं, परत थांबलं.

"तीन एकात हायती," ते म्हणाले.

"व्हय."

"तापल्यावर?"

"व्हय आप्पा. तापल्यावर."

बराच वेळ ते कार्डावरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"लाकडात हुतं का काय?"

"भंडारा हुता. माझ्या तेलानं चिकटलेला."

त्यांनी मान हलवली. "तुझ्या आईला सांगू नगंस," ते म्हणाले. मग विचारलं, "किती येळ लागला खोलायला?"

खोटं बोलता आलं असतं. दिवस गेला म्हणालो असतो, खास हत्यार लागलं म्हणालो असतो, त्यांना कुठे दिसणार होतं. पण त्यांचं बोट अजून त्या भोकांवर होतं.

"तास," मी म्हणालो.

"तासच?"

"तासच."

त्यांनी कार्डाची घडी घातली आणि मी उभा होतो त्या अंदाजाने हात पुढे केला. अंदाज जरा चुकला, हात माझ्या डावीकडे गेला. मी सरकून त्या हातासमोर आलो आणि कार्ड घेतलं.

"ज्याचं हाय त्याला दे," आप्पा म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवलं का म्हणून विचारलं.